पुलापलीकडचं मलम

या, असे जरा पुढे सरकून बसा. मागे बसलं की कथा कमी आणि खोकला जास्त ऐकू येतो. आज तुम्हांला एका गुडघ्याची कथा सांगतो. गुडघ्याची म्हणून हसू नका. देवापुढे टेकायला गुडघाच लागतो आणि त्याच्या नावाने उभं राहायलाही गुडघाच लागतो. बाकीचं शरीर म्हणजे नुसता लवाजमा.

हा गुडघा एल्डन हॉयटचा, आणि तो उजवा. मुक्काम पोर्ट एल्मर, न्यू ब्रन्सविक. गावाच्या पायथ्याशी नदी, नदीवर पूल आणि पुलापलीकडे अमेरिका. एल्डन वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होता. बटाट्यांच्या वखारींतले काटे, पेट्रोलचे पंप, धक्क्यावर लॉबस्टर तोलणारे तराजू, सगळे त्याच्या हाताखालून गेलेले. लांबून त्याची टोपी दिसली की धक्क्यावरचे लोक तराजू पुसायला घेत. त्याचा गुरुमंत्र एकच होता : आधी शिक्का, मग गप्पा. काट्यावर सरकारी शिक्का पाहिल्याशिवाय तो कोणाला 'सुप्रभात' देखील म्हणत नसे. त्याची बायको व्हर्ना सांगायची, "लग्नात पाद्री विचारतोय 'हिचा स्वीकार करतोस का', आणि हा भिंगातून अंगठीच्या आतला शिक्का बघतोय."

तर असा हा शिक्क्यांचा माणूस आयुष्यात एकदाच शिक्का बघायला विसरला, त्याची ही कथा.

सुरुवात झाली एका खुर्चीपासून.

टेकडीवरच्या चर्चचा शतकोत्तर सुवर्णमहोत्सव सात आठवड्यांवर आला होता. एल्डन तिथल्या गायकवृंदात खर्जाच्या रांगेत एकेचाळीस वर्षं गात होता. महोत्सवाच्या भजनाला चार कडवी, आणि त्यातलं तिसरं कडवं खर्जाच्या एकाच आवाजाने, बाजाही थांबवून गायचं. ते एल्डनचं. त्या चर्चची जुनी रीत अशी की हे भजन पहिल्या शब्दापासून शेवटच्या 'आमेन'पर्यंत उभ्यानेच गायचं. गावातले एक जुने पाद्री म्हणून गेले होते, "बसून गाइलं तर ते गाणं. उभं राहून गाइलं तर ती प्रार्थना." आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? बुवा उभे राहिले तर कीर्तन, बसले तर प्रवचन. प्रवचन वाईट असं कोण म्हणेल? पण झांज वाजते ती उभ्या माणसापुढे.

त्या गुरुवारी एल्डन तालमीला गेला तर खर्जाच्या रांगेत, नेमकी त्याच्या जागेमागे, एक घडीची खुर्ची मांडलेली. तपकिरी रंगाची. वर फुलाफुलांची उशी.

"हे काय?" एल्डनने विचारलं.

"खुर्ची," म्युरिएल म्हणाली. म्युरिएल ही वृंदाची प्रमुख. पेटीही तीच वाजवायची आणि कान उपटायचं कामही तिच्याकडेच.

"ते दिसतंय मला. कोणासाठी?"

"कोणासाठीच नाही. नुसती आहे. तुझ्याकडे काही मागत नाहीये ती."

"उशी आहे तिच्यावर."

"बरं, उशी काढते."

"एल्डन, मनाला लावून घेऊ नकोस," शेजारून लॉर्न म्हणाला. "गेल्या रविवारी दुसऱ्या कडव्याला तू असा डुललास, मला वाटलं अंगात आलं. तुला जमणार नसेल तर तिसरं कडवं मी घेतो."

लॉर्न हा एल्डनचा शेजारी, खर्जाच्या रांगेतलाही आणि रस्त्यावरचाही. त्याचा दूधधंदा होता आणि गाय घरी बोलवावी त्या सुरात तो परमेश्वराला बोलवायचा. त्या गळ्यातून तिसरं कडवं निघणार, आणि तेही दीडशे वर्षांच्या पुण्याईवर? एल्डन तालीमभर खुर्चीकडे पाठ करून उभा राहिला आणि घरी जाताना सात पायऱ्यांच्या जिन्यावर दोनदा टेकला.

दुसऱ्या दिवशी उपायांची रांग लागली. आजाऱ्याला औषध मिळो न मिळो, सल्ला घरपोच मिळतो. पोस्टातली थेल्मा मध आणि सफरचंदाचा शिरका घेऊन आली. कोणी कोबीचं पान बांधायला सांगितलं. लॉर्नने घोड्यांचं मलम आणलं. त्याच्या डब्यावर घोड्याचं चित्र होतं आणि घोडा तीन पायांवर उभा होता, हे एल्डनच्या नजरेतून सुटलं नाही. तरी त्याने ते लावलं. गुडघा होता तसाच राहिला, फक्त व्हर्ना दुसऱ्या खोलीत झोपायला गेली.

मग लॉर्न कुंपणावर रेलून म्हणाला, "आता एकच राहिलं. गांजाचं मलम."

एल्डनने रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं.

"दचकतोस काय? कायद्याने मिळतं. सरकार विकतं. माझा मेव्हणा लावतो. शिडी चढतो आता."

"तो आधीही चढायचा."

"पण आता उतरतोही."

सरकारी दुकान गावात होतं. अडचण एकच : ते चर्चच्या बरोबर समोर होतं. पोर्ट एल्मरमध्ये माणसाला तोंडावरून नाही, गाडीवरून ओळखतात. एल्डनची निळी गाडी त्या दारात पाच मिनिटं उभी राहिली असती, तर सहाव्या मिनिटाला वेदीवरची फुलंदेखील माना वळवून बघू लागली असती. सरकारी दुकानातून घरपोच मागवावं, तर पार्सल येणार थेल्माच्या खिडकीवर, वयाचा पुरावा दाखवून सही करून घ्यायचं. थेल्माला कळणं म्हणजे तारायंत्राला कळणं.

म्हणून व्हर्ना ग्रंथालयात गेलेली बघून एल्डन संगणकापुढे बसला आणि शोधता शोधता एका वेबसाइटवर पोहोचला. वर भलंमोठं मेपलचं पान. खाली पांढऱ्या डगल्यातल्या एक प्रेमळ आजीबाई. खाली समाधानी गुडघ्यांची पत्रं. एकतीस वर्षं ज्याने लॉबस्टरवाल्यांच्या गोड बोलण्याला दाद दिली नाही, तो आजीबाईंच्या हसण्याला भुलला. परवाना कोणाचा? विचारलं नाही. मलमात काय किती? लिहिलेलं नव्हतं, यानेही विचारलं नाही. पैसे कार्डाने चालणार नव्हते, बँकेतून थेट पाठवायचे, म्हणजे माघारीची वाट बंद. वर सूचना : 'पैसे कशाचे ते लिहू नये. बागेतला बुटका असं लिहावं.'

इथे मात्र एल्डनची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली. खोटं लिहायचं? बागेत शोभेच्या बुटक्याची मूर्ती नसताना? त्याने डोळे मिटून क्षणभर प्रार्थना केली आणि लिहिलं, 'गुडघ्यासाठी.' विवेक तेवढ्यावर समाधान पावून पुन्हा झोपला.

आणि मग आला पत्ता. आता इथे नीट लक्ष द्या, कारण सगळं रामायण या एका ओळीत आहे.

पोर्ट एल्मरचा माणूस काहीही मागवतो ते पुलापलीकडे, मेनमध्ये, डोनाच्या पार्सलच्या दुकानात. अमेरिकेतल्या अमेरिकेत पाठवणावळ कमी पडते. मग शनिवारी पुलावरून जायचं, पार्सल उचलायचं, येताना चीज घ्यायचं आणि सीमेवर सगळं सांगून परत यायचं. वीस वर्षांची सवय. गावातल्या कोणालाही झोपेतून हलवून पत्ता विचारा, तो डोनाचा पत्ता सांगेल. बुटांचा, पडद्यांचा, पंपाच्या वायसरचा, सगळ्यांचा पत्ता तोच. एल्डनच्या बोटांनी त्याला न विचारताच तो टंकला. वेबसाइटने हूं की चूं केलं नाही. खरं दुकान असतं तर तिथेच म्हणालं असतं, बाबा रे, हा माल देशाबाहेर जात नाही. पण जो सगळ्याला हो म्हणतो त्याच्यापासून सावध राहावं, हे आपण कथेत ऐकतो आणि पैसे भरताना विसरतो.

नवव्या दिवशी फोन वाजला. तो उचलला व्हर्नाने.

"डोना बोलतेय. एल्डनचं पार्सल आलंय. पण मी ते त्याला देणार नाही, आधी त्याने येऊन माझ्याशी बोलावं. डब्याला माझ्या आजोबांच्या कोटासारखा वास येतोय आणि बाहेर गांजाचं पान छापलंय."

व्हर्नाने फोन ठेवला आणि एल्डनच्या समोर येऊन बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पान छापलंय म्हणे," ती म्हणाली.

एल्डनने सगळं कबूल केलं. आजीबाई, बुटका, सगळं.

"पेट्रोलचा पंप चमचाभर कमी देतो म्हणून तू सबंध महामार्ग बंद पाडला होतास. आणि अंगाला लावायची वस्तू घेताना शिक्का बघितला नाहीस?"

"फोटोत दिसत नव्हता."

"नव्हताच म्हणून दिसला नाही. आणि ती वस्तू आत्ता कुठल्या देशात आहे?"

एल्डनच्या डोळ्यांपुढे पुलावरची पाटी उभी राहिली. कोठाराच्या दाराएवढी, दोन भाषांत. गांजा सीमेपलीकडे नेऊ नका, आणू नका. इकडे चालतो, तिकडेही चालतो, पण पुलावर चालत नाही. मलम असो, तेल असो, डॉक्टरची चिठ्ठी असो, चालत नाही. त्या पाटीखालून तो कितीतरी शनिवारी चीज घेऊन गेला होता. पाटी त्याच्यासाठी आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

लॉर्न मात्र उत्साहात आला. "त्यात काय. चीजच्या पोटात भोक पाडायचं, डबी आत, वर बूच."

"आणि पकडला तर?" व्हर्नाने विचारलं.

"तर तिसरं कडवं मी आहेच."

एल्डनला ते वाक्य लागलं. खोटं सांगायचं नाही हे ठरलेलंच होतं. पण महोत्सवाला पाच आठवडे उरले होते, गुडघा जिना चढत नव्हता आणि त्याचं म्हणून जे काही औषध होतं ते परक्या देशात डोनाच्या फळीवर पडलं होतं. शेवटी तो उठला, कपाटातून जुनं भिंग काढून खिशात घातलं आणि व्हर्नाला म्हणाला, "चल. आणायला नाही. बघायला."

डोना साठीची, रुंद खांद्यांची बाई. तिने डबी गल्ल्यावर ठेवली आणि वर आपला पंजा ठेवला.

"एल्डन, लोकांच्या पार्सलात काय आहे ते मी विचारत नाही. पण ही डबी घेऊन तू पुलावर गेलास तर काय होईल ते मला ठाऊक आहे. पार्सल माझं नाही रे, पण माणूस माझा आहे."

"मी नेत नाही," एल्डन म्हणाला. "मला फक्त तपासू दे."

भिंग डोळ्याला लागलं आणि चौदा वर्षांपूर्वी निवृत्त झालेला निरीक्षक पुन्हा कामावर रुजू झाला. पाठ ताठ, आवाज सरकारी.

"व्हर्ना, लिही. कराचा शिक्का : नाही. प्रांताप्रांताचा रंग वेगळा असतो, इथे कुठलाच रंग नाही. बनवणाऱ्याचं नाव : नाही. कुठल्या घाण्यातला माल, तो घाणा क्रमांक : नाही. नशा आणणारा अंश किती, न आणणारा किती : लिहिलेलं नाही. शुद्धता : एकशे दहा टक्के."

"शंभराच्या वर कशी असेल?" डोनाने विचारलं.

"भक्ती असू शकते, मलम नाही. पुढे लिही. देशाचं नाव : 'कनंडा'."

मग त्याने डबी डोनाच्या काट्यावर ठेवली. वर पन्नास ग्रॅम छापलेलं, काट्यावर डबीसकट एकतीस. पण तो तिथेच थांबला नाही. त्याची मान काट्याकडे वळली, डोळे बारीक झाले.

"डोना, तुझा काटा कलतोय."

"एल्डन," व्हर्ना म्हणाली, "परका देश आहे."

"गुरुत्वाकर्षण तेच आहे," एल्डन म्हणाला, आणि पुठ्ठ्याची घडी एका पायाखाली सरकवून त्याने अमेरिकेचा एक काटा सरळ केला. आता डबी एकोणतीस भरली.

त्या डबीत गांजा होता की नुसता कापूर आणि चरबी, हे आजतागायत कोणाला माहीत नाही. आत काय आहे हे माहीत नसणं हाच तिचा सगळ्यात मोठा दोष. पोलीस ठाण्याबाहेर जुनी औषधं टाकायची पेटी असते, डोनाने फोन करून विचारलं आणि डबी स्वतः तिथे नेऊन टाकली. व्हर्नाने बँकेला कळवलं, फसवणुकीची तक्रार लिहिली. आजीबाईंच्या नंबरावर फोन लावला तर तो कोणाचाच नव्हता.

परतताना पुलावर खिडकीतल्या अधिकाऱ्याने नेहमीचं विचारलं, "काय आणलंत?"

"दोन चीज," एल्डन म्हणाला.

"गांजा, दारू, तंबाखू?"

"गांजा नाही," एल्डन प्रामाणिकपणे म्हणाला. "जवळजवळ होता."

सीमेवर 'जवळजवळ' हा शब्द उच्चारू नये. पुढची पन्नास मिनिटं निळी गाडी बाजूला उभी होती आणि मागून येणारं निम्मं पोर्ट एल्मर हात हलवून जात होतं. ज्या गाडीला पाच मिनिटं दुकानापुढे उभं राहायची लाज वाटली होती, ती सरकारी दिव्याखाली चारही दारं उघडून उभी. कुत्रा आणला. कुत्र्याने चीज हुंगलं, जागा हुंगल्या आणि मग एल्डनच्या उजव्या गुडघ्याशी येऊन थांबला. अधिकारी दोन पावलं पुढे आला. कुत्र्याने लागोपाठ तीन शिंका दिल्या आणि तो गाडीखाली जाऊन बसला.

"घोड्यांचं मलम," व्हर्नाने खुलासा केला. "शेजाऱ्याने दिलंय."

एल्डनने मग व्हर्नाने लिहिलेला तपासणीचा अहवाल पुढे केला. अधिकाऱ्याने तो शांतपणे वाचला, एकशे दहा टक्क्यांवर थांबला, पुन्हा वाचला. "मिस्टर हॉयट," तो म्हणाला, "तुमच्या चर्चच्या समोर सरकारी दुकान आहे. दिवसाढवळ्या उघडं असतं. पण आधी औषधांच्या दुकानात जाऊन विचारा."

औषधांच्या दुकानात सोलांज लेब्लाँ नावाची तरुण अकेडियन, म्हणजे तिथल्या जुन्या फ्रेंच वस्तीतली, मुलगी होती. तिने संगणकात एल्डनचं नाव काढलं आणि भुवई वर गेली.

"रक्त पातळ करायची गोळी घेता ना तुम्ही? मग गांजाचं तेल पोटात घ्यायचं नाही. गोळीचं काम बिघडतं, रक्तस्राव होऊ शकतो. मलमाचं तेवढं नसतं म्हणतात, पण तेही डॉक्टरांना विचारूनच. आणि त्या डबीत काय होतं हे कोणालाच माहीत नव्हतं, हे लक्षात घ्या, मिस्टर हॉयट."

एल्डनने लक्षात घेतलं. गल्ल्याची कड धरून घेतलं. आजवर तो फक्त अब्रूला घाबरत होता.

"आता एक सांगा," सोलांज म्हणाली, "खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं?"

"खुर्ची हा शब्द माझ्यासमोर काढू नकोस," एल्डन म्हणाला.

पण शब्द निघाला होता. डॉक्टरांनी तपासलं, व्यायामवाल्या बाईंकडे पाठवलं आणि त्यांनीही तेच सांगितलं : हात छातीशी, खुर्चीवर बसायचं, उठायचं, बसायचं, उठायचं. दिवसातून तीनदा. गुडघा दुखतो कारण मांडी आळशी झालीय. घरच्या सगळ्या खुर्च्या एक तर डगमगत्या, नाहीतर खोल. गुरुवारी तालीम संपल्यावर एल्डन म्युरिएलकडे गेला आणि छताकडे बघत म्हणाला, "ती तपकिरी खुर्ची. काही दिवस नेली तर चालेल?"

"उशीसकट?"

"उशी नको."

महाराज, विरोधभक्ती म्हणतात ती हीच. ज्या खुर्चीने त्याला बसवायचं ठरवलं होतं, तिनेच त्याला उठवायला घेतलं. महोत्सवापर्यंत रोज तो तिच्यावर बसायचा आणि तिसरं कडवं गात उठायचा. डॉक्टरांनी मलमालाही हरकत घेतली नाही, म्हणून एका भर दुपारी त्याने निळी गाडी सरकारी दुकानाच्या अगदी दारात लावली आणि टोपी डोळ्यांवर न ओढता आत गेला. आत म्युरिएल उभी होती. हातात मलमाची डबी.



"मनगटं," म्युरिएल म्हणाली. "पेटीने जातात."

"गुडघा," एल्डन म्हणाला. मग त्याने भिंग काढलं. "दे बघू. आधी शिक्का, मग गप्पा."

शिक्का होता. रंग बरोबर होता. घाणा क्रमांक होता, अंश लिहिलेले होते, मुलांपासून दूर ठेवा अशी ताकीद होती. त्याने डबी तिच्या हातात परत दिली, कोणी तान्हं मूल देतं तशी.

महोत्सवाच्या रविवारी चर्च भरून वाहत होतं. शेवटच्या बाकावर पुलापलीकडून आलेली डोना बसली होती, निळ्या टोपीत. खुर्ची परत आपल्या जागी आली होती. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. पेटी थांबली. एल्डनने तिसरं कडवं उचललं, आणि तो आवाज जमिनीखालून आल्यासारखा आला, पायांतून, मांड्यांतून, छातीतून. गुडघा दुखत होता का? होता. पण दुखणं वेगळं आणि डगमगणं वेगळं. मलमाने किती केलं, खुर्चीने किती आणि वरच्याने किती, याचा काटा कोणाकडे आहे? कडवं संपलं तेव्हा एल्डन उभा होता आणि म्युरिएल पेटी पुन्हा सुरू करायचं क्षणभर विसरली होती.

चौथ्याला सगळे मिळाले, आणि एल्डनला शेजारचा सूर गायब झाल्याचं जाणवलं. लॉर्नचा चेहरा पांढरा पडला होता. आदल्या दिवशी तो मेव्हण्याला दाखवायला शिडीवर चढला होता आणि कंबर तिथेच ठेवून आला होता. त्याला बसायचं होतं आणि बसायची लाज वाटत होती. ती लाज एल्डनपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? गाणं न तोडता त्याने एका हाताने तपकिरी खुर्ची लॉर्नमागे सरकवली आणि दुसऱ्या हाताने त्याला अलगद खाली बसवलं. लॉर्न बसला. बसूनच गायला. आणि साक्षात म्युरिएलची शपथ, तो त्या दिवशी पहिल्यांदा सुरात होता.

बाहेर अंगणात केक खाताना लॉर्न खाली बघत म्हणाला, "बसून गायलो. ती प्रार्थना झाली नसेल ना?"

"तूच बघ," एल्डन म्हणाला. "काय मागत होतास?"

"कोणाचं लक्ष जाऊ नये म्हणून."

"मग प्रार्थनाच ती. पोहोचली असेल."

डोना केकची बशी घेऊन जवळ आली. "काटा सरळ आहे अजून," तिने एवढंच सांगितलं आणि एल्डनच्या गालाला गाल लावला.

ती त्याच वर्षीच्या हिवाळ्यात गेली. झोपेत, शांतपणे. आता पार्सलं दुसरीकडे येतात, आणि तिथला माणूस काही न विचारता पुढे सरकवतो. तेव्हा मंडळी, कथा संपली, उठून घरी जा. पण कधी एकटे असाल, पडद्यावर कोणी गोड हसून सगळ्याला हो म्हणत असेल आणि तुमचं बोट पैसे भरायला पुढे झालं असेल, तर क्षणभर थांबा. डबीवर पंजा ठेवून उभ्या राहिलेल्या त्या डोनाची एकदा आठवण काढा, आणि मग शिक्का बघा.